मफिन बुधवारी खडखडीत होतात, त्यात कणकेचा दोष थोडाच

नाशिकच्या एका बाबांचा प्रश्न आहे, थोडक्यात असा. बायकोची ड्यूटी सकाळी साडेसहाची, मुलगी तिसरीत, तिची बस ७ वाजता. सकाळचा नाश्ता आणि छोट्या सुट्टीचा डबा ही दोन्ही कामं यांच्याकडे. म्हणून दर रविवारी ते केळ्याचे १२ मफिन करून ठेवतात. कृती अमेरिकन, फक्त मैद्याऐवजी तेवढीच कणीक. इलेक्ट्रिक बीटरने ५ मिनिटं फेटायचं, १६ लिटरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या भट्टीत) भाजायचं, गार झाले की डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवायचं. रविवारी 'चव चांगली पण जरा वातड', मंगळवारी कोरडे, आणि बुधवारी मुलगी डबा तसाच परत आणते. त्यांचं विचारणं असं की कणीक कुठली वापरावी, मुकाट्याने मैद्यावर यावं, की बेकिंग पावडर वाढवावी?

बाबा, बेकिंग पावडर अजिबात वाढवू नका. मैद्यावर आलात तर रविवारचा मफिन सुधारेल, बुधवारचा नाही. तुम्ही पिठाबद्दल विचारताय, पण तुमची खरी गरज आहे ती रविवारी केलेली वस्तू शुक्रवारी सकाळी खाण्यासारखी राहण्याची. त्यात पिठाचा वाटा आहे, पण बीटरचा जास्त आहे आणि फ्रीजचा सगळ्यात जास्त.

मी डोंबिवलीत १६ वर्षं घरून केकच्या ऑर्डरी घेते आणि शनिवार-रविवार शिकवते. त्यामुळे मी सांगते ते माझ्या ओट्यावरचं, मुंबईकडच्या दमट हवेतलं. तुमच्याकडे हवा कोरडी, थंडीही जास्त. तुमच्या ओटीजीचा काटा १८० दाखवतो तेव्हा आत खरोखर १८० असतं का, तेही मला माहीत नाही. अंडं चालतं की नाही तुम्ही लिहिलेलं नाही. कृती अमेरिकन आहे म्हणून चालत असावं असं धरते.

पहिलं काम करा. पुढच्या रविवारी एक मफिन वरून खाली उभा कापा आणि खिडकीशी नेऊन बघा. आमच्या वर्गाला एक काकू यायच्या. त्यांनी एकदा स्टीलच्या डब्यातून घरचा मफिन आणला होता, दिसायला झकास, वर टोपीसारखं टोक आलेलं. त्यांना वाटलं टोक आलं म्हणजे छान फुगला. मी सुरी घेऊन मधोमध कापला. आत तळापासून टोकाकडे जाणारी तीन-चार लांबट भोकं होती, वारुळात असतात तशी, आणि भोकांच्या मधला भाग चकचकीत, दाबला की रबरासारखा परत वर येणारा. मी विचारलं, "किती फेटलंत?" त्या म्हणाल्या, "गुठळी म्हणून ठेवली नाही हो!" तिथेच सगळं आलं.

गव्हाच्या पिठात पाणी पडलं आणि ते घोळलं की त्यात चिवटपणा येतो. पोळीसाठी कणीक मळतो ती याच चिवटपणासाठी, म्हणून तर पोळी लाटली की न फाटता पसरते. मफिनला तो नको असतो. मिश्रण जास्त घोळलं की या चिवटपणाची जाळी घट्ट होते, आत तयार झालेला वायू सगळीकडून सुटू शकत नाही, मग तो वाट काढत वर जातो. ती वाट म्हणजे ती भोकं, आणि ते टोकही त्याचंच. चांगल्या मफिनचा माथा गोलसर आणि खडबडीत असतो, टोकदार गुळगुळीत नसतो. तुमचं 'जरा वातड' हे बहुतेक याचंच दुखणं आहे.

तेव्हा बीटर माळ्यावर ठेवा. बीटर लागतो तो लोणी-साखर फेटून केलेल्या केकला, कारण तिथे हवा फेटूनच भरायची असते. मफिनमध्ये हवा भरायचं काम बेकिंग पावडर करते. कोरडं सगळं एका भांड्यात, ओलं सगळं दुसऱ्या भांड्यात. ओलं फेटायचं तर कितीही फेटा, त्यात पीठच नाही. मग कोरड्यात खळगा करायचा, ओलं ओतायचं आणि मोठ्या चमच्याने तळातून वर उलथत १२-१५ वेळा फिरवायचं. भांड्याच्या कडेला कोरडं पीठ दिसेनासं झालं की थांबायचं. गुठळ्या राहतात, राहू द्या. ज्यांना भज्यांचं पीठ एकजीव करायची सवय आहे त्यांचा हात इथे थांबत नाही, हे मी दर वर्गात बघते. पुरुषमंडळी इथे सहसा बरी असतात, कंटाळून लवकर सोडून देतात.

आता कणीक. अमेरिकन कृतीत मैद्याऐवजी तेवढीच कणीक घातली की मिश्रण घट्ट होतं, कारण चक्कीच्या पिठात कोंडा असतो आणि दगडी जात्यात पीठ रगडलं जाताना त्यातला स्टार्चही बराच तुटतो. हे तुटलेलं पीठ पाणी जास्त पितं. पोळीला हे चांगलं, पोळ्या मऊ राहतात. पण मफिनचं मिश्रण करून लगेच भट्टीत सारलं तर कोंडा भिजलेला नसतो. तो नंतर आतल्या आत ओल ओढत बसतो आणि मफिन सोमवारपासूनच कोरडा लागायला लागतो. उपाय सोपा आहे. मिश्रण सैलसर ठेवायचं, इडलीच्या पिठाहून दाट पण चमच्यातून धपकन पडेल इतकं, आणि झाकून १५ मिनिटं ठेवून द्यायचं. बेकिंग पावडर वाया जाईल ही भीती नको. डब्यावर 'डबल अ‍ॅक्शन' लिहिलेलं असेल तर ती ओली झाल्यावर थोडं काम करते आणि बाकीचं ताप लागल्यावर. कणीक घरची चालेल, विकतची चालेल. फक्त जाडसर दळलेली असेल तर आधी चाळा. काही जणी अर्धा मैदा घालतात, हलका होतो, त्यात पाप नाही. मी एक चतुर्थांश घालायचे, मग सोडून दिलं, कारण दोन डबे काढायचा कंटाळा.

तुमच्या कृतीत 'तीन पिकी केळी' लिहिलं असणार. तिकडचं केळं म्हणजे आपलं बसराई वगैरे, सोलून साधारण १०० ग्रॅमच्या पुढे. आणि तुमच्या घरी जर वेलची केळी येत असतील तर तीन मिळून दीडशे ग्रॅमही भरायची नाहीत! वेलचीचा वास सुंदर येतो, पण मोजताना केळी मोजू नका, गर वजन करा. १२ मफिनना २५० ग्रॅम गर. साली काळ्या पडलेल्या, फळवाला अर्ध्या किमतीत देतो ती केळी सगळ्यात उत्तम. स्वयंपाकघरात वजनकाटा नसेल तर चार-पाचशे रुपयांचा घ्या. महागड्या साच्यांपेक्षा त्याने जास्त फरक पडतो. आपल्याकडे 'कप' हा प्रकारही बेभरवशाचा आहे, कुणाचा २४० मिलीचा, कुणाचा २५०, कुणाचा चहाचा.

आता फ्रीज. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण सगळे शिळेपणाला कोरडेपणा समजतात. ब्रेड किंवा केक शिळा होतो तेव्हा त्यातलं पाणी उडून गेलेलंच असतं असं नाही. हवाबंद डब्यातही तो कडक होतो. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो. गार झाल्यावर तोच स्टार्च हळूहळू पुन्हा आवळून घट्ट बसायला लागतो. भाताचं बघा ना, रात्रीचा मोकळा मऊ भात फ्रीजमधून सकाळी काढला की शीत न् शीत टणक, आणि फोडणी देऊन गरम केला की परत मऊ. तेच इथे होतं. आणि ही घट्ट होण्याची क्रिया सगळ्यात जलद होते ती फ्रीजच्या आतल्या तापमानाला, म्हणजे ४ अंशांच्या आसपास. बाहेर ओट्यावर ती मंद चालते आणि डीप फ्रीझरमध्ये जवळपास थांबते. म्हणजे तुम्ही काळजीपोटी मफिन नेमके तिथे ठेवताय जिथे ते सगळ्यात लवकर शिळे होतात. नाशिकच्या डिसेंबरात तर ओट्यावरही रात्री ही क्रिया जोरात चालत असेल.

मग बाहेर ठेवावेत का? दोन दिवस, हो. त्यापुढे हवेवर आहे. आमच्याकडे जुलैत तिसऱ्या दिवशी केळ्याच्या मफिनवर बुरशीचा ठिपका दिसतो, तुमच्याकडे एखादा दिवस जास्त मिळेल. पाच दिवसांची सोय मात्र फक्त फ्रीझरच करतो. तुमचा फ्रीज एका दाराचा असेल आणि वरचा कप्पा धड बर्फही धरत नसेल तर हे जमायचं नाही, तेव्हा रविवारी आणि बुधवारी सहा-सहा करा.

फ्रीझरची पद्धत सांगते. मफिन ट्रेमधून १० मिनिटांत काढून जाळीवर ठेवा, नाहीतर तळाला घाम धरतो. पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे तळाला हात लावून कोमटसुद्धा लागता कामा नये, दीड तास तरी. मी इथे एकदा सपशेल तोंडावर पडले आहे. धंद्याच्या पहिल्या वर्षी, ऐन पावसात, बारशाची ३६ मफिनची ऑर्डर होती. रात्री साडेबाराला झोपेच्या नादात कोमट मफिनच प्लास्टिकच्या डब्यांत भरले. सकाळी झाकणाच्या आत थेंबच थेंब, माथे चिकट, आणि मफिन उचलला की माथ्याचा पापुद्रा बोटाला. पैसे परत केले आणि बाजारातून पेढे आणून दिले. तर, गार झालेले मफिन एका जाड झिप पिशवीत एका थरात भरा, हवा दाबून काढा, सोमवारचा एक बाहेर ठेवा, बाकी सगळे फ्रीझरमध्ये. दोन महिने सहज टिकतात, तुमच्याकडे टिकणार नाहीत ही गोष्ट वेगळी.

सकाळी ६ वाजता डब्यासाठीचा मफिन फ्रीझरमधून काढून स्वच्छ रुमालात गुंडाळून तसाच डब्यात घाला. साडेनऊच्या सुट्टीपर्यंत तो आपोआप मऊ होतो, आणि सुटलेलं पाणी रुमाल पितो. नाश्त्याचा मात्र गरमच द्या. मायक्रोवेव्हमध्ये ३०-४० सेकंद, किंवा ओटीजीत १६० वर ८-१० मिनिटं. गरम केल्यावर आवळलेला स्टार्च पुन्हा सैल होतो, भातासारखाच. मायक्रोवेव्हमधून काढलेला मफिन लगेच खायला हवा, गार झाला की आधीपेक्षा कडक होतो. म्हणून मायक्रोवेव्ह केलेला डब्यात कधीच देऊ नका.

इथवरचं एका ओळीत सांगायचं तर: बीटर बंद, मिश्रण सैल ठेवून १५ मिनिटं विश्रांती, केळ्याचं वजन, आणि फ्रीजऐवजी फ्रीझर. एवढं करून तुमचीच कृती वापरलीत तरी फरक पडेल. तरीही माझं प्रमाण देते. कणीक २४० ग्रॅम, बेकिंग पावडर २ टीस्पून, खायचा सोडा पाव टीस्पून, मीठ अर्धा टीस्पून, वेलची किंवा दालचिनीची पूड आवडीने. हे एकत्र चाळायचं, वर राहिलेला कोंडा परत घालायचा. दुसऱ्या भांड्यात केळ्याचा गर २५० ग्रॅम, गोडं दही १२० ग्रॅम, २ अंडी, बिनवासाचं तेल ९० मिली, आणि १२० ग्रॅम गूळ. गूळ ३ टेबलस्पून पाण्यात जेमतेम गरम करून विरघळवायचा, गाळायचा आणि गार करून घालायचा. गाळणं चुकवू नका, कोल्हापुरी गुळातसुद्धा कधीमधी उसाचं चिपाड नाहीतर खडा सापडतो, आणि तो नेमका मुलीच्याच दाताखाली येईल. अक्रोड किंवा बेदाणे मूठभर. मिश्रण फारच घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध.

तेलाबद्दल एक. तुमच्या कृतीत वितळलेलं लोणी असेल. चवीला लोणी भारी, पण थंडीत ते थिजतं आणि मफिन टणक लागतो. तेल पातळच राहतं, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही खाताना मऊपणा जाणवतो. शेंगदाणा तेल नको, वास राहतो. गूळही इथे कामाचा आहे, तो ओल धरून ठेवतो. म्हणून 'हेल्दी' करायच्या नादात गूळ निम्म्यावर आणलात तर मफिन लवकर कोरडा पडेल. १०० ग्रॅमपर्यंत उतरा, त्याखाली नको. अंडं चालत नसेल तर दोन अंड्यांऐवजी आणखी १०० ग्रॅम दही घाला आणि गुळातलं पाणी एका चमच्यावर आणा. मफिन थोडा बसका होतो, पण ओलसर छान राहतो.

सोळा लिटरच्या ओटीजीत सहाच्या ट्रेशिवाय दुसरं काही धड बसत नाही. १२ चा ट्रे कोंबून बसवला असेल तर कडेचे करपतात आणि मधले कच्चे राहतात. सहा-सहाचे दोन घाणे करा. दुसरा घाणा तोवर भांड्यातच झाकून ठेवायचा, पण पुन्हा ढवळायचा नाही, सरळ चमच्याने उचलून साच्यात. साचे पाऊण भरायचे. ओटीजी खालची-वरची दोन्ही कॉइल लावून २०० वर १५ मिनिटं आधी तापवा. दिवा गेला म्हणजे तापला असं समजू नका. पहिली ८ मिनिटं २०० वरच ठेवा, त्या झटक्यात माथा उचलला जातो, मग १८० वर १० ते १२ मिनिटं. माथे लवकर काळपटले तर वरची कॉइल बंद करा, गुळामुळे रंग तसाही गडद येतो. टूथपिक घातल्यावर ओलं पीठ लागू नये, पण दोन-चार दमट कण चिकटले तर ती काढायची योग्य वेळ. अगदी कोरडी टूथपिक यायची वाट बघितलीत तर दोन मिनिटं उशीर झालेला असतो. फॅनचा कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असलेल्यांनी सगळं २० अंश कमी धरावं.

आता न विचारलेलं एक बोलते. रोज गोड मफिन हा नाश्ता म्हणून मला फारसा पटत नाही. गूळ असला तरी तो केकच्याच जातीचा. एका आठवड्याला तिखटमिठाचे करून बघा. गूळ-केळं काढून टाका, दही २५० ग्रॅम करा, १२० मिली दूध घाला, कणकेतली ६० ग्रॅम काढून तेवढं ज्वारीचं पीठ, किसून पिळलेलं गाजर, मक्याचे दाणे, कोथिंबीर, ओवा, किसलेलं चीज. ज्वारी यापेक्षा वाढवली तर मफिन भुगा होतो, तिच्यात धरून ठेवायला काही नसतं. नाचणीचंही तेच. हेही फ्रीझरमध्ये राहतात, पण काकडी किंवा टोमॅटो घातलेले राहत नाहीत, पाणी सुटतं.

काकडीवरून आठवलं. आमची आजी रत्नागिरीकडची, ती तवसळं करायची. तवसं म्हणजे काकडी, ती किसून, रवा, गूळ, खोबरं, सगळं कालवून पातेल्यात, खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. ओटीजीच्या दोन कॉइल्स म्हणजे तेच की. ती कालवून झाल्यावर पातेलं झाकून अंगणात वाळवण घालून यायची, मगच चुलीवर ठेवायची. रवा भिजायला हवा हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. रव्याचे मफिन करणार असाल तर तसेच अर्धा तास ठेवा.

या रविवारी एक प्रयोग मात्र नक्की करा. पहिल्या घाण्यातले सहा घ्या: दोन फ्रीजमध्ये, दोन ओट्यावर डब्यात, दोन फ्रीझरमध्ये. बुधवारी सकाळी तिन्ही प्रकारांतला एकेक गरम न करता, थंड असलेले बाहेरच्या हवेइतके झाल्यावर, मुलीला डोळे मिटून खायला द्या. ओट्यावरचा आधी हुंगून बघा. आणि कागदी वाट्यांना मफिन चिकटतो अशी तक्रार तुम्ही शेवटी लिहिली आहे ना, ती गरम असताना सोलल्यामुळे. गार झाल्यावर सोलून बघा, आणि तरीही चिकटला तर वाट्यांना आतून बोटाने तेल लावा.